वय वाढलं की चपळाई का जाते? स्नायू, नसा आणि तोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे असतात. तेच तेच प्रश्न रोज येतात, कधी पेशंट विचारतात, कधी त्यांची मुलं पुण्याहून नाहीतर न्यू जर्सीहून व्हॉट्सॲपवर विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

चपळाई म्हणजे ताकदच ना? बाबा अजून गॅसचा सिलिंडर सरकवतात.

सरकवत असतील. पाण्याने भरलेली बादली उचलणं ही ताकद झाली. बादली घेऊन निघालात, ओल्या फरशीवर पाय सटकला, आणि पडायच्या आत दुसरा पाय बरोबर जागी टाकलात, ही चपळाई. दुसऱ्या कामाला जोर तसा फार लागत नाही पण जो लागतो तो लगेच लागतो, सेकंदाच्याही आत, एक सेकंदानंतर आलेला जोर काय कामाचा, तोवर माणूस खाली. आम्ही ह्याला पॉवर म्हणतो, म्हणजे ताकद गुणिले वेग, आणि पेशंटशी बोलताना मी सरळ "झटका" म्हणते. वयाबरोबर स्नायूंचा आकार कमी होतो, ताकद त्याहून जास्त वेगाने कमी होते, आणि झटका सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त. ही एक गोष्ट डोक्यात बसली की खालची बरीचशी उत्तरं तुम्हीच द्याल.

हे कितव्या वर्षी सुरू होतं?

ऐकून वाईट वाटेल, पण तिशीनंतरच. दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चाळिशीत काही जाणवत नाही कारण रोजच्या कामाला लागते त्यापेक्षा खूप जास्त ताकद आपल्याकडे शिल्लक असते, कोठी भरलेली असली की रोज चार मुठी धान्य कमी झालेलं कुणाला दिसतं? तळ दिसायला लागतो तेव्हा "अचानक" अशक्तपणा आला म्हणतात. अचानक काही नसतं, पंचवीस वर्षं चाललेलं असतं.

ह्या प्रकाराला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव 1989 मध्ये आयर्विन रोझेनबर्ग ह्या अमेरिकन संशोधकाने सुचवलं, ग्रीकमध्ये मांस आणि कमतरता असे ते दोन शब्द आहेत. अमेरिकेत आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र कोड मिळायला 2016 उजाडलं, तोवर "वय झालं" हेच निदान होतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून तेच आहे.

स्नायूंमध्ये नक्की काय बदलतं?

मांसाहारी असाल तर हे पटकन कळेल. कोंबडीची तंगडी काळपट असते आणि छातीचा भाग पांढरा, बरोबर? कोंबडी दिवसभर चालते, म्हणून पायात हळू पण न थकणारे तंतू, आणि उडते कधीतरीच पण फाडकन, म्हणून छातीत जलद तंतू. आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच स्नायूत मिसळलेले असतात. हळू तंतू उभं राहायला, चालायला, तासन्‌तास बसायला. जलद तंतू धावत्या बसमध्ये ब्रेक लागला की दांडा पकडायला, जिन्यावरून उडी मारायला, खुर्चीतून ताडकन उठायला.

वय वाढतं तसे हे जलद तंतूच मुख्यतः बारीक होतात आणि मरतात. हळू तंतू बऱ्यापैकी टिकतात. शिवाय स्नायूत चरबी आणि चिवट तंतुमय भाग शिरतो, त्यामुळे मांडीचा घेर तेवढाच दिसतो पण आतला माल बदललेला असतो. पँटची साईज तीच आहे म्हणून खूश होऊ नका.

आणि नसांमध्ये?

हा भाग लोकांना माहीतच नसतो, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

स्नायूचा तंतू आपला आपण हलत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक चेतापेशी असते, तिची लांब तार स्नायूपर्यंत येते आणि तिथे तिला फाटे फुटून ती शेकडो तंतूंना जोडलेली असते. गावातली विजेची डीपी डोळ्यासमोर आणा. एका डीपीवर इतकी घरं. साठीनंतर ह्या डीप्या एक एक करून बंद पडायला लागतात, आणि जास्त करून त्याच ज्यांच्यावर जलद तंतूंची घरं आहेत. मग अंधारात गेलेल्या घरांना शेजारची डीपी आपल्या वायरी टाकून लाईन देते. शरीर हे स्वतःहून करतं, कमालच आहे. पण सगळ्या घरांना लाईन मिळत नाही, ज्यांना नाही मिळाली ते तंतू सुकून जातात. आणि ज्यांना मिळाली ते आता हळू डीपीवर आहेत, म्हणून हळूहळू तेही हळू स्वभावाचे होतात. वर त्या शेजारच्या डीपीवर लोड वाढलेला. पूर्वी दहा छोट्या डीप्या होत्या तेव्हा जोर थोडा थोडा कमीजास्त करता यायचा, आता चार मोठ्या आहेत, एक चालू केली की भसकन जोर येतो. सुईत दोरा ओवताना हात अडखळतो, चहाचा कप ठेवताना बशीवर टक्‌कन आवाज होतो, त्यात चष्म्याच्या नंबरासोबत ह्याचाही वाटा असतो.

म्हणजे मेंदूचा सिग्नलच स्लो होतो का?

थोडा होतो, पण तारेतला वेग हा मुख्य मुद्दा नाही. साधा हिशोब करू. चांगल्या पायाच्या नसेत सिग्नल सेकंदाला साधारण 50 मीटर जातो. तळव्यापासून कमरेपर्यंत समजा 1 मीटर, म्हणजे एका सेकंदाचा पन्नासावा भाग, 20 मिलीसेकंद. म्हातारपणी वेग दहा टक्के जरी घटला तरी 2 मिलीसेकंदांचा फरक पडला. त्याने कोण पडतंय?

खरा वेळ जातो तो वर ऑफिसात, म्हणजे मेंदूत. दिवा लागला की बटण दाबा, असं सांगितलं तर तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. लाल लागला तर डावं, हिरवा लागला तर उजवं, असं केलं की सगळ्यांचाच वेळ वाढतो, पण म्हाताऱ्यांचा जास्त वाढतो. निवड आली की उशीर होतो. रस्त्यावर काय, निवडच असते सगळी, रिक्षा डावीकडून येतेय, कुत्रं उजवीकडे, खड्डा समोर. त्यात मेंदूतलं डोपामिनही वयाबरोबर हळूहळू कमी होत जातं, हालचाल सुरू करण्याचा जो धक्का असतो तो त्यावर अवलंबून असतो.

पण अनुभव ह्यातलं बरंच भरून काढतो हेही खरं. क्रिकेटचं घ्या. ताशी 140 किलोमीटरचा बॉल बॅट्समनपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो, बघून ठरवायला वेळच नाही, तो बोलरचं मनगट आणि रनअप बघून आधीच अंदाज बांधतो. सचिन 2013 मध्ये वानखेडेवर शेवटची टेस्ट खेळला तेव्हा 40 वर्षांचा होता आणि 74 करून गेला. चाळीस हे काही म्हातारपण नाही, पण फास्ट बोलिंगसमोर चाळीस म्हणजे बरंच. तुमची आई पण हेच करते, दूध उतू जायच्या आधी गॅसपाशी पोचते. धावत नाही, तिला आधीच कळलेलं असतं. बाथरूममधली ओली फरशी मात्र असा कुठलाही अंदाज देत नाही.

मी रोज 5 किलोमीटर चालतो. मला हे लागू नाही ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा चेहरा मला आता पाठ झालाय. लागू आहे.

चालणं उत्तम आहे, हृदयाला, शुगरला, मूडला, झोपेला, बंद अजिबात करू नका. पण सपाट रस्त्यावर आपल्या वेगाने चालताना मुख्यतः हळू तंतू काम करतात, जलद तंतूंना मेंदू बोलावतच नाही. ते फक्त दोन वेळा जागे होतात, जोर जास्त लागला तर किंवा काम झटकन करायचं असलं तर. न बोलावलेले पाहुणे शेवटी यायचं बंद करतात तसं होतं.

माझ्याकडे एक काका यायचे, बासष्ट वर्षांचे, पंधरा वर्षं सकाळचा वॉक एकदा चुकवला नाही, शूज झिजून दरवर्षी नवे. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या एका पायरीला चप्पल अडकली आणि मनगट मोडलं. पायरी किती, वीतभर. मी त्यांना खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठायला सांगितलं तर तिसऱ्या वेळी हात आपोआप मांडीवर गेला आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे. ताकद होती, दम होता, झटका नव्हता.

पण वारीत सत्तर-पंचाहत्तरच्या आज्या आळंदी ते पंढरपूर चालतात, ते कसं?

अगदी बरोबर, आणि माझं म्हणणंच त्यातून सिद्ध होतं. जवळपास 250 किलोमीटर, तेही डोक्यावर तुळस घेऊन. टिकून राहण्याची क्षमता वयाला सहजासहजी दाद देत नाही. फौजा सिंग 2011 मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण करून आले तेव्हा पासपोर्टप्रमाणे शंभर वर्षांचे होते (जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजने रेकॉर्ड धरलं नाही, 1911 च्या पंजाबात दाखला कुणाकडे असणार). लांब आणि हळू टिकतं, छोटं आणि जलद जातं.

आणि एक बघा, वारीत त्याच आज्या फुगड्या घालतात, खाली बसतात, उठतात, ट्रकच्या फळीवर चढतात. शहरातल्या आजीच्या दिवसात सोफा, डायनिंग टेबल, कमोड आणि लिफ्ट आहे. गुडघेदुखीमुळे कमोड लागतो हे मान्य, मी स्वतः सल्ला देते, पण मग जे उठणं-बसणं दिवसातून आपसूक व्हायचं ते मुद्दाम करावं लागतं, नाहीतर दहा वर्षांनी ते जमतच नाही. मंगळागौरीचे खेळ बघितलेत का नीट? झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, सगळं झटकन दिशा बदलणं, उकिडवं बसणं, तालावर पाय टाकणं. आमच्या कॉलेजात चपळाईचे व्यायाम म्हणून जे शिकवलं त्यातलं निम्मं ह्यात आहे.

तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. का?

तोल तीन ठिकाणच्या माहितीवर चालतो: डोळे, आतल्या कानातलं यंत्र, आणि तळपाय-घोटे-गुडघ्यांतून येणारी खबर. वयाबरोबर तिन्हीकडची खबर पुसट होते. कानातल्या संवेदनशील पेशी कमी होतात, पायाच्या अंगठ्याला कंपन कमी कळतं (आम्ही ट्यूनिंग फोर्क ठेवून बघतो, बऱ्याच जणांना "थांबलं का?" विचारावं लागतं). मग माणूस नकळत सगळी भिस्त डोळ्यांवर टाकतो. आणि साबण लावून डोळे मिटले, किंवा रात्री लघवीला उठले आणि लाईट लावला नाही कारण सूनबाई जागी होईल, की तो शेवटचा आधारही गेला. बेड ते बाथरूम एक छोटा नाईट लॅम्प लावा. शंभर-दीडशे रुपयांत येतो.

डायबेटिस असेल तर पायाची खबर आणखी लवकर जाते. "गादीवर चालल्यासारखं वाटतं" किंवा "चप्पल पायातून निघून गेली आणि मला चार पावलांनी कळलं" असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आई चालता चालता बोलायला थांबते. गप्पिष्ट आहे म्हणून?

असेलही! पण 1997 मध्ये स्वीडनमध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर ह्याच गोष्टीचा अभ्यास झाला होता, चालताना कुणी बोलायला लागलं की जे थांबतात त्यांचं पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. कारण तरुणपणी चालणं ऑटोमॅटिक असतं, लक्ष द्यावं लागत नाही. नंतर पावलांवर लक्ष ठेवावं लागतं आणि दोन कामं एकदम झेपत नाहीत. म्हणून जिना उतरताना फोन उचलायचा नाही हा नियम मी सगळ्यांना घालते, आणि मुलांना पण सांगते की आई जिन्यात असेल तर वरून हाका मारू नका.

घरच्या घरी कसं तपासायचं?

मोबाईलचा स्टॉपवॉच आणि एक खुर्ची बास.

खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी, आणि पूर्ण उठणं-बसणं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. आशियाई लोकांसाठीचे 2019 चे जे निकष आहेत त्यात 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर असल्याची शंका धरतात. त्याच निकषांत पोटरीचा घेर पण आहे, सगळ्यात जाड जागी शिंप्याच्या टेपने मोजायचा, पुरुषांचा 34 सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांचा 33 पेक्षा कमी असेल तर पुढे तपासायचं. पायाला सूज असेल तर हे माप खोटं येतं बरं का.

दुसरं, एका पायावर 10 सेकंद. ओट्याजवळ उभं राहून करा, हात जवळ ठेवा पण लावू नका. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1,700 लोकांवर हे केलं होतं, 2022 मध्ये छापून आलं, साधारण दर पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि न जमणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. लगेच घाबरून जाऊ नका, ज्यांना जमत नाही त्यांना बरेचदा आधीच शुगर-बीपी-वजन असतं, पाय खाली टेकला म्हणून कुणी मरत नाही. पण शरीराचा एकूण हिशोब कसा चाललाय ते त्यातून कळतं.

तिसरी माझी घरगुती चाचणी आहे, तिला शास्त्रीय आधार मागू नका. सत्यनारायणाच्या पूजेला खाली बसलात आणि आरतीला उठायचं झालं तेव्हा हात कुठे गेला? जमिनीला, गुडघ्याला, की शेजारच्याच्या खांद्याला?

मग करायचं काय? नेमके व्यायाम सांगा.

सांगते, पण हार्टचा त्रास, बीपी कंट्रोलमध्ये नसणं, हाडं ठिसूळ झालेली किंवा नुकतंच ऑपरेशन असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे मी कायदेशीर वाक्य म्हणून लिहीत नाहीये, खरंच विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं, खुर्चीतून उठणं. उठायचं झटकन, बसायचं सावकाश. उठताना मनात "उठ!" म्हणायचं आणि बसताना एक-दोन-तीन मोजत, धप्पकन पडायचं नाही. आठ-दहा वेळा, मग मिनिटभर थांबा, परत. आठवड्यातून तीन दिवस. झटकन उठायचा प्रयत्न करणं हेच औषध आहे, प्रत्यक्षात हळू उठलं गेलं तरी चालेल, कारण मेंदूने जलद डीप्यांना हाक मारली ना, झालं काम. श्वास रोखू नका, उठताना सोडा. सुरुवातीला उंच खुर्ची किंवा खाली उशी घ्या, जमायला लागलं की उशी काढा.

मग ओट्याला धरून टाचा उचलणं, वर जाताना पटकन, खाली येताना हळू. पोटरी हा लोक विसरतात तो स्नायू आहे, ठेच लागल्यावर पहिला तोच सावरतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चपात्या लाटून झाल्या असतील तर हे करा.

तोलासाठी एका पायावर उभं राहणं, टाचेला अंगठा लावत एका रेषेत चालणं (फरशीची सांध धरून), आणि बाजूला पाऊल टाकणं. बाजूचं पाऊल कुणीच करत नाही, पण पडणारे लोक बरेचदा बाजूला पडतात आणि खुब्याचं हाड तिथेच मोडतं. ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खेकड्यासारखं चाला, आधी हळू, मग जरा भरभर. नातवंडं असतील तर त्यांच्याबरोबर बॉल झेलायचा खेळ खेळा, त्यात निवड पण आली, झटका पण आला आणि वेळ बरा जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 65 च्या पुढच्यांसाठी हेच सांगितलंय, आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचे व्यायाम, चालण्याव्यतिरिक्त. "व्यतिरिक्त" हा शब्द परत वाचा.

योगा करते मी. पुरत नाही का?

लवचिकता, श्वास, एका पायावरचं वृक्षासन, हे सगळं छान. झटका मात्र त्यात कमी आहे, सगळं सावकाश असतं. सूर्यनमस्कार जरा वेगाने घातले तर थोडी भर पडते. योगा चालू ठेवा आणि वरचं खुर्चीचं त्यात जोडा.

वय 82 आहे. आता काय उपयोग?

1990 मध्ये बोस्टनला एका वृद्धाश्रमात दहा जणांना आठ आठवडे पायांचे जोरदार वजनाचे व्यायाम दिले, सरासरी वय 90. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीहून जास्त. नव्वदीत! ह्यातलं बरंचसं सुरुवातीला नसांमुळे होतं, स्नायू वाढायच्या आधी मेंदू असलेल्या डीप्या नीट आणि एकत्र चालू करायला शिकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांतच फरक जाणवतो आणि पेशंट म्हणतात "गोळी लागू पडली वाटतं". मेलेली चेतापेशी परत येत नाही हे खरं. पण तुम्ही आज जे वापरताय ते तुमच्याकडे आहे त्यापेक्षा कितीतरी कमी आहे, हेही तितकंच खरं.

खाण्यात काय बदलू?

प्रोटीन. आपल्या वरणभाताच्या ताटात ते कमी पडतं आणि म्हातारपणी आणखी कमी होतं कारण दात नसतात, भूक नसते, आणि रात्री "मला फक्त थोडी खिचडी दे". आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम लागतं, पण वृद्धांसाठी बरेच तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात, कारण म्हातारा स्नायू तेवढ्याच प्रोटीनला पूर्वीइतकी दाद देत नाही. 60 किलोच्या माणसाला 60 ते 70 ग्रॅम झाले. आता मोजा: घट्ट डाळीची वाटी 6-7 ग्रॅम, एक अंडं 6, पेलाभर दूध 8, मूठभर शेंगदाणे 7, पनीरचे चार-पाच तुकडे 9. पातळ आमटीत डाळ शोधावी लागते, ती धरू नका. तीनही जेवणांत वाटून घ्या, दुपारीच सगळं नको. किडनीचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि प्रोटीन पावडरचा डबा आणून व्यायाम न करणारे पण येतात. सिमेंट आणून ठेवलं म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतो.

बी-12 चा काय संबंध?

नसांवरचं जे आवरण असतं त्याला बी-12 लागतं. ते मांस, अंडी, दुधातून मिळतं, त्यामुळे शाकाहारी लोकांत कमी असणं कॉमन आहे, वयाबरोबर पोटात शोषणही कमी होतं, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी. पायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं हे नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. व्हिटॅमिन डी पण त्याच वेळी बघून घ्या, ते कमी असेल तर मांड्या-खांदे दुर्बळ होतात. उन्हाचा देश आहे पण आपण उन्हात असतो कुठे.

डेंग्यू झाला, दहा दिवस पडून होते, आता उभंच राहवत नाही.

हे फार बघते मी. निरोगी वृद्धांना प्रयोगासाठी दहा दिवस बेडवर झोपवून ठेवलं होतं, तर नुसत्या पायांतून जवळपास 1 किलो स्नायू गेला होता. आजार नसताना! तुम्हाला तर ताप पण होता. म्हणून "आराम करा" ह्याचा अर्थ पलंगाला चिकटा असा नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पडल्या पडल्या घोटे हलवा, मांड्या आवळा, दिवसातून तीन-चारदा खुर्चीत बसा, धरून दहा पावलं टाका. घरच्यांनी पाण्याचा ग्लास हातात आणून देणं जरा कमी करा.

हे वयामुळे नाही, आजार आहे, हे कसं ओळखायचं?

वयाची मंदी दोन्ही बाजूंना सारखी आणि वर्षानुवर्षांत येते. एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो स्ट्रोक असू शकतो, तिथे मिनिटं मोजायची असतात, फिजिओकडे नाही, सरळ हॉस्पिटलला. चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक होत चाललंय, स्वस्थ बसल्यावर हात थरथरतो, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं, हे पार्किन्सनचं असू शकतं, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. शर्टाची बटणं लागत नाहीत आणि पाय पण कडक झालेत, तर मानेतला मज्जारज्जू दबलेला असू शकतो. आणि उठल्या उठल्या अंधारी येते ते बरेचदा बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीमुळे, सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. पिशवीच न्या, यादी अर्धवट असते नेहमी.

पडलो आणि घरी कुणी नसेल तर उठायचं कसं?

हे आधी शिकून ठेवायचं, पडल्यावर नाही. आधी दोन मिनिटं पडून राहा, काही मोडलंय का बघा. खूप दुखतंय, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटतोय तर हलू नका, हाक मारा. नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग लहान मुलांना घोडा होतो तसं हातापायांवर, रांगत खुर्ची किंवा दिवाणापर्यंत जा, दोन्ही हात त्यावर, जो पाय चांगला तो पुढे टेकवा, आणि जोर देऊन वर, वळून बसा. मी हे सतरंजीवर करून घेते. पहिल्या वेळी सगळे हसतात, दुसऱ्या वेळी कुणी हसत नाही. मोबाईल कमरेला किंवा गळ्यात ठेवा, टीव्हीवर ठेवलेला मोबाईल जमिनीवरून दिसतो फक्त.

व्यायाम करताना गुडघे कटकट वाजतात.

दुखत नसेल आणि सूज नसेल तर वाजू द्या.

खुर्ची कुठली घेऊ?

लाकडी किंवा लोखंडी, सरळ पाठीची, बसल्यावर पाय पूर्ण टेकतील अशी. प्लास्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते, ती नको, आणि मुलाच्या वर्क फ्रॉम होमची चाकांची तर अजिबात नको. भिंतीला टेकवून ठेवा, पायात मोजे घालून करू नका, आणि खाली पायपुसणं असेल तर ते आधी उचला.